वाट्याची कोंबडी

धाकटी वाडी, ता. अलिबाग
२० डिसेंबर २०२४

सौ. बायजास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तू सुखरूप पोचलीस आणि आपली नात आरोही दूध पिऊन गाढ झोपते, असे भावनाने फोनवर सांगितले. म्हणजे फोन माझ्या कानाला होता, पण ऐकले शेजारच्या वेणूबाईंनी, त्यांच्या अंगणातून, आणि मला हातवारे करून कळवले. आपण दोघांनी बोंबलायचे आणि सगळ्या आळीने ऐकायचे, हे मला पसंत नाही. कानात घालायचे ते मशीन शिट्ट्या मारते, म्हणून काढून ठेवले आहे. तेव्हा तू लेकीच्या बाळंतपणाला तिथे आहेस तोवर आपला व्यवहार टपालाने.

पांढरा कांदा लावून झाला. वालाला फुले आहेत. भात मी करतो, तो कधी गिचका होतो, पण होतो. इथवर माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती कवडीची. अगं, ही कोंबडी आहे की कोण आहे? तू जाऊन आठवडा झाला, एक रात्र ती खुराड्यात झोपलेली नाही. पेरूच्या झाडावर चढून बसते आणि मी खालून काठी हलवतो. परवा काठीने पेरू पडला तो माझ्याच डोक्यात. सकाळी दाणे टिपते आणि कुंपणाखालून जी जाते ती दुपार टळल्यावर उगवते. अंडे कुठे घालते ते तिचे तिला ठाऊक. मला एक दिसलेले नाही.

दिवाळीला जावईबापूंसाठी आपला कोंबडा कापला तेव्हा मला वाटले होते, चला, पहाटेची कटकट गेली. पण तेव्हापासून ही जास्तच बिथरली आहे. सदतीस वर्षे मी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. यात्रेची गर्दीसुद्धा माझ्या शिट्टीला थांबायची. ही थांबत नाही. मी शिट्टीही वाजवून पाहिली.

मूळची ती वेणूबाईंची, आपल्याकडे वाट्यावर आहे. तर त्यांची त्यांना परत देऊन टाकू का, ते कळव. नातीला बघायला मलाही यायचे आहे, पण या बयेला कुणाच्या जिवावर सोडू?

भावनाला व रत्नपालरावांना जयभीम. लोभ आहेच, तो एका कोंबडीपायी कमी करू नये.

तुझा,
बुधाजी

⁂

वडाळा, मुंबई
२७ डिसेंबर २०२४

भावनाच्या बाबांस,
बायजाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. दोन पानी पत्रात नातीबद्दल दीड ओळ आणि बाकी कोंबडी. वाचून दाखवलं तर भावना हसायची थांबेना. पोरीचं नाक तुमच्यावर गेलंय. कपाळाला आठ्यासुद्धा तशाच घालते, दूध द्यायला उशीर झाला की. तिला बघायला कधी येताय ते लिवा, कोंबडीचं मग बघू.

कवडीला परत द्यायचं नाव काढू नका. वाट्याच्या कोंबडीची रीत तुम्हाला म्हायती न्हाय, कारण तुम्ही घरात कधी बघितलंतच न्हाय. तिची अंडी आपली, पिल्लं निघाली की निम्मी वेणूबाईची. तो वाटा दोघी बायका समोर बसल्याशिवाय पडत न्हाय, न्हायतर चांगलं पिल्लू कुणी उचललं यावरून जन्माची भांडणं. कोंबडी परत द्यायची तर कधीपण देता येते, फक्त अंड्यांवर बसली असंल तर द्यायची न्हाय. पण द्यायची कशाला? ती हाय म्हणून दोन वेळा अंगणात माणसाचा पाय पडतो. न्हायतर तुम्ही खाटेवरून उठणार हाय का?

अंडं मिळत न्हाय ते तुमच्या आळसापायी. सकाळी खुराड्यातून काढली की कोंबडी काखेत धरायची आणि चाचपायची. मागून बोट लावलं की अंडं हाताला लागतं. लागलं तर डालग्याखाली झाकून ठेवायची, घातल्याबिगर सोडायची न्हाय. माझी आई करायची, मी करते, वेणूबाई करते. त्यात लाजण्यासारखं काय न्हाय.

पेरूवर बसली तर बसू दे. तुम्ही झाडाखाली उभं राहू नका.

मशीन कपाटात ठेवायला घेतलं व्हतं व्हय? पोरीनं हौसेनं आणलं. जेवणाची हयगय करू नका. माया हाय म्हणून बोलते, ती तशीच ठेवा.

तुमची,
बायजा

⁂

धाकटी वाडी
८ जानेवारी २०२५

सौ. बायजास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

चाचपण्याबाबत तुझी सूचना वाचली. हे माझ्याने होणार नाही. मी चारचौघांत मान असलेला माणूस आहे. हा विषय पुन्हा पत्रात नको. टपाल कोणीही उघडते.

आता ऐक, मंगळवारी काय झाले. कवडी सकाळीच दिसेनाशी झाली. मी वालाचा मळा, ओढा, उडवीमागचा पेंढा सगळे पाहिले. घसा बसला. संध्याकाळी मिनिडोर रिक्षावाला दारात उभा, हातात कवडी. वाडीच्या नाक्यावर पाहुण्यांचे सामान टपावर चढवताना ही त्यात चढली आणि थेट मांडव्याच्या धक्क्यापर्यंत गेली. तिथे लाँचच्या रांगेत उभी होती म्हणे, शिस्तीत, दोन बाया आणि एका सायकलच्या मध्ये. आयुष्यभर मी विनातिकीट लोकांना उतरवले, आणि आज माझ्या घरातला प्राणी टपावर बसून फिरतो! मिनिडोरवाला हसत होता. त्याच्या हसण्याचा मला भयंकर राग आला.

त्याआधी रविवारी विहारात तर माझी मान खाली गेली. वंदना झाली, सगळे डोळे मिटून ध्यानाला बसले. एवढी शांतता, की मला ऐकू येत नाही ते इतरांनाही येत नसावे असे वाटून बरे वाटत होते. तेवढ्यात शेजारच्याने मला कोपराने ढोसले. डोळे उघडतो तर सगळे माझ्याकडे बघत आहेत आणि दारात कवडी गळा काढून ओरडते आहे. बाहेर चपलांच्या ढिगात, किशोरीबाईंच्या नव्या चपलेत, अंडे. किशोरीबाईंनी अंडे ठेवून घेतले आणि चपलेबद्दल मला सुनावले. मला ऐकू आले नाही, पण तोंड बघून कळले.

रोजची तिची फेरी मात्र त्या मुंबईवाल्यांच्या बंगल्यावर. तिथला राखणदार निकेश चिठ्ठी लिहून माझ्याकडे तक्रार पाठवतो. मालकांनी हौसेने एक पांढरा कोंबडा पाळला आहे, त्याच्या पायांवर पिसे, जणू पायजमा घातलाय. आपली महाराणी त्याच्या ताटलीत दाणे खाते, हिरवळीवर त्याच्याबरोबर हिंडते आणि हाकलले तर निकेशच्या अंगावर धावून जाते. मी रोज जाऊन माफी मागतो आणि हिला पिशवीत घालून आणतो. माझा जीव अगदी मेटाकुटीला आला आहे.

पोपटीचे दिवस आहेत. वाडीत रोज कुठे ना कुठे जाळात मडके लागते. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, बटाटा, सगळे घरचे आहे. मडक्यात एका कोंबडीपुरती जागाही आहे. एवढेच लिहितो.

तू कधी येतेस ते लिहिले नाहीस. मी तिकडे यावे म्हणतेस, पण बघतेसच माझी दशा. एक दिवस घर सोडले तर ही दिल्लीला जाईल. परत देण्याची परवानगी मिळावी, ही दुसरी आणि शेवटची विनंती.

आरोहीचा फोटो मिळाला. नाक माझे नाही, तुझ्या भावाचे आहे. कृपादृष्टी राहावी, निदान माझ्यावर.

तुझा,
बुधाजी

⁂

वडाळा
१५ जानेवारी २०२५

भावनाच्या बाबांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र वाचून हसले, मग बराच वेळ तसंच धरून बसले. एक गोष्ट लिवायची हाय, ती कशी लिवू ते समजत न्हाय, म्हणून सरळ लिवते.

भावनाची रजा मार्चात संपते. ती आणि रत्नपाल म्हणतात, आईनं इथंच राहावं, पोरीला सांभाळावं. तुम्हीपण यावं. शेत कुणाला तरी कसायला द्यावं, घराला कुलूप. तुमच्या कानाचं इथं चांगलं बघता येईल. रत्नपाल स्वतः बोलला, आणि लई मायेनं बोलला. त्यानं तुमच्यासाठी बाल्कनीत खुर्चीपण आणून ठेवलीय.

मी काय बोलू? पोर माझ्या अंगाची सवय धरून बसलीय. दुसऱ्या कुणी घेतली तर रडते. लेकीच्या डोळ्याखाली काळं झालंय. तिकडं तुम्ही एक महिना झाला, नुसती कोंबडीची गाऱ्हाणी. मी न्हाय म्हणून घरात काय कमी पडतं असं तुम्ही एका ओळीनंपण लिवलं न्हाय. तर मला वाटलं, तुमचं चाललंय बरं.

कवडीला वेणूबाईकडं देऊन टाका. तुमच्या मनासारखं झालं. वाल काढून झाले की कुलूप लावून या.

घरच्या खिडक्या लावायच्या आधी उंदरांचं बघा. तुमच्या प्रकृतीची काळजी लागून राहते, ती तुम्हीच दूर करा.

तुमची,
बायजा

⁂

वडाळा
३० जानेवारी २०२५

भावनाच्या बाबांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पंधरा दिवस झाले, तुमचं अक्षर न्हाय. रोज टपालाची वाट बघते. वेणूबाईला फोन केला तर म्हणाली जिवंत हाय, पण सकाळी दार लावून घरात काय करतो कळत न्हाय, आतून कोंबडी ओरडते. मग मला काय काय वाटायला लागलं. पोपटी तर न्हाय ना केलीत?

रागावला असाल तर रागानं लिवा, पण लिवा. दोन शब्दांत भागवा, मी रुसणार न्हाय.

तुमची,
बायजा

⁂

धाकटी वाडी
१० फेब्रुवारी २०२५

सौ. बायजास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

उशीर झाला याबद्दल दिलगीर आहे. कारण असे.

तुझे पत्र आले त्या दिवशी मी कवडीला पिशवीत घातले आणि वेणूबाईंकडे गेलो. महिनाभर मी हेच मागत होतो ना? मिळाले. त्या ओटीवर वाल सोलत होत्या. कवडीने पिशवीतून डोके काढून त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. वेणूबाईंनी खुणेने विचारले, काय काम. मी म्हटले, जरा विरजण हवे होते. विरजण घेऊन परत आलो. घरात दूध नव्हते.

घरी येऊन कवडीला सोडले आणि मला जो राग आला, बायजा, तो कोणाचा ते कळेना. तुझा आला, भावनाचा आला, रत्नपालरावांच्या खुर्चीचा आला. बाल्कनीतली खुर्ची! मी काय कुंडी आहे का ठेवायला? मग सावकाश माझा स्वतःचाच आला. घरात काय कमी पडते म्हणून विचारतेस. चहा दोन कप होतो. तूच पितेस असे धरून मी आधण ठेवतो आणि मग दुसरा कप मीच गार पितो. संध्याकाळी अंगणात तू कोंबडीला शिव्या घालायचीस, त्या मला ऐकू यायच्या नाहीत, पण तुझे हात दिसायचे. आता हात दिसत नाहीत. हे मला लिहिता येत नव्हते, म्हणून मी कोंबडीचे लिहीत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार लावले, खिडकी लावली आणि तिला चाचपले. तुझ्या आईला माझा नमस्कार. पहिल्या दिवशी तिने माझा हात फोडला. दुसऱ्या दिवशी मी डोळे मिटून घेतले, तिनेही मिटले असावेत. तिसऱ्या दिवशी अंडे हाताला लागले! डालग्याखाली झाकली, घातल्यावर सोडली, ती गेली तशीच तडक बंगल्यावर. पण मग रोज लागू लागले. वेणूबाईंनी फटीतून पाहिले आणि सगळ्या आळीला सांगितले. आता विहारातही लोक मला विचारतात, काय बुधाजीभाऊ, लागले का आज. माझी सदतीस वर्षांची इज्जत गेली.

अंडी मी खाल्ली नाहीत. कणगीत भुसा घालून ठेवली. मग ती खुडूक होऊन बसली, जवळ गेले की अंग फुगवते, तेव्हा जुन्या घमेल्यात पेंढा घालून सगळी तिच्याखाली ठेवली. आता ती हलत नाही. जी टपावर बसून मांडव्यापर्यंत गेली, ती एका जागी बसून आहे.

तेव्हा कळवतो की, सदर कोंबडी अंड्यांवर असल्याने रीतीप्रमाणे परत देता येत नाही. तसेच पिल्ले निघाल्यावर वाटा दोघी बायका समोर बसल्याशिवाय पडत नाही, असे तूच लिहिले आहेस. वेणूबाई हजर आहेत. दुसरी बाई तू. मी हे मुद्दाम केले आहे. लबाडी म्हण, काय म्हणायचे ते म्हण.

मला तिथे बाल्कनीत राहायचे नाही. आणि तुझ्याशिवाय इथेही राहवत नाही. ये.

लोभ वाढावा असे मागत नाही, आहे तेवढा घेऊन ये.

तुझा,
बुधाजी

⁂

वडाळा
१६ फेब्रुवारी २०२५

भावनाच्या बाबांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र वाचलं. चहाचं वाचून रडले, चाचपायचं वाचून हसले, आणि शेवटी कपाळावर हात मारला. अहो, कोंबड्याबिगर अंड्यांतून पिल्लं निघतात व्हय? आपला कोंबडा दिवाळीला तुमच्या जावयाच्या ताटात गेला. आळीत दुसरा न्हाय. एवढा हात फोडून घेऊन अंडी जमवलीत, डोळे मिटलेत, आणि एवढं साधं डोक्यात आलं न्हाय? म्हटलं, आता हा माणूस घमेल्यासमोर बसून वाट बघणार आणि आतून काय येणार न्हाय.

मग तुमचं मागचं पत्र काढलं. बंगल्यावरचा तो पायजमावाला कोंबडा! तेव्हा उजेड पडला. तुम्ही रोज जाऊन माफी मागत व्हता आणि तिला पिशवीत घालून आणत व्हता, आणि ती का जाते ते एकदापण तुमच्या ध्यानात आलं न्हाय. पिल्लं निघतील, घाबरू नका.

पण माझा राग ऐका आता. कवडीला कोंबडा पायजे व्हता, तर ती आपल्या पायानं गेली. कुंपणाखालून गेली, तुम्ही आणली तरी परत गेली. तिला कुणी वाट दाखवली न्हाय. आणि तुम्ही? सदतीस वर्षं लोकांना कुठली गाडी कुठं लागते ते सांगितलंत. दोन महिन्यांत तुम्हाला बायकोकडं यायला एक गाडी मिळाली न्हाय? नात जन्मली, ती फोटोत बघितलीत आणि नाकावरून भांडलात. रोज सकाळी पोरीला घेऊन मी खिडकीत उभी राहते. खाली कुणी पांढऱ्या टोपीवाला दिसला की वाटतं, आले. कोंबडीचं निमित्त करून मला बोलावताय ते कळलं. मला निमित्तानं यायचं न्हाय.

भावनाला मी सांगितलं, मी इथं कायमची राहणार न्हाय. ती रडली. मग रत्नपालनं खालच्या मजल्यावरचं पाळणाघर बघितलं, तिथली सुचिता चांगली वाटते. महिन्यातले आठ-दहा दिवस मी येईन असं ठरलं. तेव्हा तुम्ही कुरकूर करायची न्हाय.

पण एकटी येणार न्हाय. न्यायला या. बोलावणं पत्रात नको, दारात पायजे.

पायांना जपा, वाट धरा.

तुमची,
बायजा

⁂

धाकटी वाडी
२१ फेब्रुवारी २०२५ (लाँचमध्ये बसून पुरे केले)

सौ. बायजास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

हे पत्र टपालात टाकलेले नाही. ते तुझ्या हातात द्यायला मी दारात उभा आहे, कारण तोंडाने मला हे सगळे जमणार नाही.

कोंबड्याचे माझ्या डोक्यात आले नाही, हे खरे. वेणूबाईंनी अंडी दाराच्या फटीतल्या उन्हात धरून पाहिली, आत जीव आहे, दोन सोडून बाकी सगळ्यांत. कवडीचे दाणापाणी त्या बघतील. मी निघालो तेव्हा तिने मानसुद्धा वळवली नाही. निकेशला सांगितले, तुमचा कोंबडा आता आमचा जावई लागतो. तो अजून विचार करतो आहे.

मांडव्याच्या पहिल्या लाँचने आलो. तिकीट काढून. पिशवीत वालाच्या शेंगा आहेत, भावनासाठी.

तुझे सगळे बरोबर आहे. यायला हवे होते, आलो नाही. गाडी सापडली नाही असे नाही, तू मला इथेच ठेवून घेशील याची भीती होती. चूक झाली.

आधी आरोहीला माझ्याकडे दे, नाक मला स्वतः बघायचे आहे. मग चार दिवसांनी निघू, म्हणजे पिल्लांच्या आधी पोचू.

मशीन कानात घातले आहे. शिट्टी मारते आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नकोस. हे वाचून झाले की काय बोलायचे ते बोल. मोठ्याने बोल. सगळ्या इमारतीने ऐकले तरी चालेल.

तुझा,
बुधाजी